हत्यार कुणाच्या हाती? चिंचवड–चाकण पट्टा आणि महायुद्धांचा काळ

१६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात सात जणांना फाशी झाली. त्यांतला एक होता विष्णू गणेश पिंगळे, शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचा. अमेरिकेत सिअॅटलला इंजिनिअरिंग शिकायला गेला, गदर पक्षात शिरला, महायुद्ध सुरू होताच परतला आणि मेरठला घोडदळाच्या लायनीत बॉम्बसह पकडला गेला. हिंदी शिपायांना बंडाची चिथावणी देणं हा त्याचा गुन्हा. त्यानंतर सहाच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला सहावी पूना डिव्हिजन तुर्कांच्या खंदकांवर चालून गेली. तिच्या तिन्ही ब्रिगेडींत एकेक मराठा पलटण होती: ११७, १०३ आणि ११०. पिंगळे ज्यांना बंदुका फिरवायला सांगत होता, तशाच माणसांच्या हातात त्या आठवड्यात त्याच बंदुका होत्या, आणि त्या हुकमाप्रमाणे चालत होत्या.

आपल्याकडे या दोन हकिकती एका पानावर येत नाहीत. पिंगळे क्रांतिकारकांच्या पुस्तकात, टेसिफॉन लष्कराच्या इतिहासात. पुणे शहराच्या उत्तरेकडचा चिंचवड–चाकण पट्टा आज मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. त्याचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा इतिहास असाच वेगवेगळ्या कप्प्यांत पडून आहे. ते कप्पे एकत्र उघडून बघितले की एकच भांडण पुन्हा पुन्हा वर येतं: हत्यार कुणी बाळगायचं, कुणी घडवायचं आणि कुणाच्या हुकमानं चालवायचं. राष्ट्रवाद हा शब्द सभांमधून आणि वर्तमानपत्रांतून गाजला, पण या भागात तो आधी याच प्रश्नाच्या रूपानं आला.

चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहिलं की चारही दिशांना हा इतिहास आहे. नाशिकच्या रस्त्यानं उत्तरेला थोड्याच अंतरावर खेड, म्हणजे आजचं राजगुरुनगर. पूर्वेला शिक्रापूरमार्गे पिंगळ्यांचं तळेगाव ढमढेरे. पश्चिमेला दुसरं तळेगाव, दाभाड्यांचं. दक्षिणेला भोसरी ओलांडली की चिंचवड. कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या माणसाला या चौकात इतिहास आठवावा अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण भूगोल असा आहे खरा.

सुरुवात चिंचवडपासून करायला हवी. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली, गोऱ्यांना मात्र सूट दिली. चिंचवडच्या हरिपंत चापेकरांच्या मुलांच्या डोक्यात हे शल्य लहानपणापासून होतं. थोरला दामोदर तरुणपणी सैन्यात शिरू पाहत होता. ते जमलं नाही. मग भावांनी आपलंच मंडळ काढलं, कवायती केल्या, मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. घरोघर झडत्या घेणारे गोरे सोल्जर आणि त्यांच्यावरचा प्लेग अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याविरुद्ध शहर धुमसत होतं. २२ जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून गणेशखिंडीतून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मेला. दामोदर एप्रिल १८९८ मध्ये फासावर गेला. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात भाऊ वासुदेव, साथीदार महादेव रानडे आणि भाऊ बाळकृष्ण हे तिघे चार-पाच दिवसांच्या आत गेले. एका घरातले तीन सख्खे भाऊ.

या भावांना कुणी नुसतं देवघरात बसवू नये असं मला वाटतं. त्यांचा राष्ट्रवाद कर्मठ होता, सुधारकांवर त्यांचा राग सरकारइतकाच होता, आणि दामोदरच्या आत्मवृत्तात तो लपलेला नाही. पण त्यांच्या कृत्याचं जागतिक वजन आपण पुरतं मोजलेलं नाही. १७ वर्षांनी, २८ जून १९१४ रोजी, सारायेव्होत १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपनं ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं. साम्राज्याचा समारंभ, तरुण मारेकरी, गुप्त मंडळ. साम्य डोळ्यांत भरण्याजोगं आहे. फरक पिस्तुलात नव्हता, नकाशात होता. सर्बियाच्या पाठीशी रशिया होता, रशियाच्या पाठीशी फ्रान्स, ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी. चिंचवडच्या पाठीशी कुणीच नव्हतं. त्यामुळे तिकडे चार वर्षांचं महायुद्ध झालं, इकडे टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची सजा झाली.

तरी चिंचवडच्या गोळीचा आवाज विरला नाही. महायुद्धाच्या अखेरीस न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीनं हिंदुस्थानातल्या राजद्रोही कटांचा अहवाल दिला. त्याचं पहिलंच प्रकरण मुंबई इलाख्याबद्दल आहे आणि त्यात चापेकर आहेत. त्याच अहवालात पुढे पंजाबचा गदर आहे, म्हणजे पिंगळे आहे. या अहवालावरून रौलट कायदा आला, कायद्यावरून देशभर हरताळ झाले, आणि १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बाग झाली. म्हणजे अमृतसरकडे गेलेली वाट सरकारच्याच कागदोपत्री चिंचवडहून निघते.

आता पलटणीकडे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं गेली, त्यांतली ७४ हजारांच्या आसपास परतली नाहीत. आपल्या भागातल्या शिपायाचं युद्ध मुख्यतः इराकमधलं, तेव्हाच्या मेसोपोटेमियातलं. पूना डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये फावला उतरली, महिनाअखेर बसरा घेतलं. तेलवाहिनीचं रक्षण हा मूळ हेतू. पण विजय सोपे मिळत गेले आणि सेनापतींची भूक वाढत गेली. जून १९१५ मध्ये अमारा, सप्टेंबरअखेर कूत, आणि मग बगदादचा मोह. टेसिफॉनला चार हजारांहून जास्त माणसं मारली गेली वा जखमी झाली, आणि जनरल टाउनशेंडची फौज मागे हटत कूतला येऊन अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा. तिन्ही मराठा पलटणी आत होत्या, खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्याही होत्या. धान्य संपलं तेव्हा घोडे कापले गेले. ते मांस खायला हिंदी शिपाई आधी तयार नव्हते. अखेर सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतली हजारो मेली. हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास अल-ऐन इथं रेल्वेच्या कामाला जुंपलं. ही रेल्वे म्हणजे बर्लिनहून बगदाद गाठण्याचं जर्मनीचं स्वप्न. या रेल्वेवरून इंग्लंड आणि जर्मनी युद्धाआधी वर्षानुवर्षं कुरबुरत होते, आणि तिच्या रुळांखाली खडी टाकायला आपली माणसं लागली.

ती का गेली? साहेबाच्या प्रेमानं नक्कीच नव्हे. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. कोरडवाहू शेतीच्या घरात रोख पैसा आणणाऱ्या मोजक्या वाटांपैकी ती एक होती. मागे राहिलेल्यांना महागाईनं गाठलं, १९१८ ला पाऊस गेला, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझानं गावंच्या गावं झोपवली. शिपायाला देशद्रोही म्हणणं जितकं मूर्खपणाचं, तितकंच त्याला आज मागाहून स्वातंत्र्यसैनिकाचा फेटा बांधणंही.

भरतीच्या प्रश्नावर टिळकांनी घेतलेली भूमिका मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. मंडालेहून ते जून १९१४ मध्ये सुटले, सारायेव्होच्या जेमतेम दहा-बारा दिवस आधी. ऑगस्टमध्ये त्यांनी युद्धात सरकारला साथ देण्याचं जाहीर केलं. पण त्यांचा हिशेब उघड होता: शिपाई हवेत तर अधिकारीही आमचे हवेत. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्ध परिषदेत त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना थांबवलं, आणि ते उठून बाहेर पडले. पुढे त्यांनी गांधीजींकडे ५० हजारांचा चेक पाठवला: हिंदी माणसांना लष्करात अधिकारपदं देण्याचं आश्वासन सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, नाही दिली तर ही रक्कम बुडाली समजा. गांधीजींनी चेक परत केला. सरकारनं त्या वर्षी सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी उमेदवारांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या. १३ लाख शिपायांच्या देशाला दहा जागा! टिळकांची मागणी आणि पिंगळ्याचं बंड यांत मला वाटतं तेवढं अंतर नव्हतं. एकाला बंदुकीमागचा अधिकार कायद्यानं हवा होता, दुसऱ्याला कायदा मोडून.

याच हक्कासाठी आणखी एक लढाई चालू होती आणि ती दुहेरी होती. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली. लढवय्या जातींचा नवा सिद्धांत आला आणि भीमा कोरेगावच्या लढाईपासून इमानानं लढलेली माणसं एकाएकी लढाऊ राहिली नाहीत. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज नेला. उपयोग झाला नाही. माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये सरकारनं १११ महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. दुसऱ्या युद्धानं पुन्हा गरज निर्माण केली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली आणि या वेळी ती टिकली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या विजयस्तंभाशी आले, त्यामागे ही सगळी पार्श्वभूमी आहे. साम्राज्याच्या स्तंभाला मान का द्यायचा, हा प्रश्न ज्यांच्या हातातून हत्यार कधी काढून घेतलं गेलं नाही त्यांनी जरा जपून विचारावा.

१९ नोव्हेंबर १९२१ या एका दिवसात तर या गुंत्याचं सारच आहे. प्रिन्स ऑफ वेल्स पुण्यात आला. त्याच्या हस्ते मराठा युद्धस्मारकाचा पाया घातला गेला आणि शिवछत्रपतींच्या स्मारकाचाही. दोन दिवस आधी तो मुंबईत उतरला होता, तेव्हा काँग्रेसच्या बहिष्कारातून शहरात दंगल पेटली होती. इंग्रज राजपुत्र शिवाजी महाराजांच्या नावाची कोनशिला बसवतो, त्याच दिवशी कूतला मेलेल्या मराठ्यांच्या स्मारकाचीही बसवतो, आणि शिवजयंती घरोघर पोहोचवणाऱ्या टिळकांचे अनुयायी त्याच्यावर बहिष्कार टाकतात. शिवाजी महाराज कुणाचे, हा वाद आजचा नाही.

तळेगाव दाभाड्याची कहाणी वेगळ्या वळणाची. तिथं हत्यार नव्हतं, कारखाना होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना काढला. जपान-अमेरिकेत काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे पहिले तज्ज्ञ. याच गावात विष्णू गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षण देत होतं; १९१० मध्ये सरकारनं ते बंद पाडलं. शाळा चिरडली, कारखाना राहू दिला. महायुद्ध सुरू होताच ऑस्ट्रिया, जर्मनी आणि बेल्जियमची काच यायची थांबली आणि देशी काचेला अचानक गिऱ्हाईक मिळालं. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखानाही निघाला, ज्यांचा प्रभाकर कंदील पुढे घरोघर पोहोचला. पण मोकळी झालेली बाजारपेठ मुख्यतः जपाननं पटकावली, हेही सांगायला हवं. स्वदेशीच्या व्याख्यानांनी दहा वर्षांत जे साधलं नाही ते एका नाकेबंदीनं चार वर्षांत साधलं, तेही अर्धंच. चाकणच्या औद्योगिक पट्ट्याचा पूर्वज शोधायचा असेल तर मी तो तळेगावच्या त्या भट्टीत शोधेन.

लाहोरला पिंगळ्यासोबत फाशी गेलेल्यांत १९ वर्षांचा कर्तारसिंग सराभा होता. भगतसिंग त्याचा फोटो जवळ बाळगत असे. आणि भगतसिंगाच्या बाजूला उभा राहून १७ डिसेंबर १९२८ रोजी पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी झाडणारा शिवराम हरी राजगुरू हा खेडचा, चाकण ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्याचा. १९२९ मध्ये तो पुण्यात पकडला गेला, २३ मार्च १९३१ रोजी लाहोरलाच फासावर गेला, वय २२. चिंचवड, तळेगाव ढमढेरे, खेड: ३३ वर्षांत या तीन गावांतून पाच माणसं फासावर गेली. त्यांची साखळी आपण जोडून दाखवत नाही, कारण राजगुरू पंजाबच्या गोष्टीत जातो, चापेकर प्लेगच्या, आणि पिंगळे कुठेच नीट बसत नाही.

दुसऱ्या महायुद्धानं या पट्ट्याचा चेहरा खरोखर बदलला. खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासून होतीच. १९४० मध्ये तिथं हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरी आली, लोहगावला विमानतळ झाला, आणि पुढे रेल्वेलाइनच्या कडेला देहूरोडला दारूगोळ्याचा मोठा डेपो. तुकोबांच्या देहूचं नाव बॉम्बगोळ्यांच्या खोक्यांवर जावं, यावर कुणी अभंग केला नाही हे बरंच म्हणायचं. डेपोला हमाल, सुतार, फिटर, कारकून लागत. दक्षिणेतून तमिळ-तेलुगू कुटुंबं आली, आजूबाजूच्या गावांतले शेतमजूर आले. घड्याळावर चालणारी हजेरी, पास, पगाराचं पाकीट या गोष्टी इथल्या हजारो घरांत पहिल्यांदा शिरल्या त्या युद्धाच्या कामातून. त्याच वर्षांत, जुलै १९४२ पासून, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं आंबेडकरांकडे होतं. फॅसिझम हरलाच पाहिजे, असं ते ठामपणे मांडत होते, आणि युद्धकाळातल्या कामगारांसाठी कायदे करून घेत होते. तिकडे छोडो भारतची चळवळ होती.

ही चळवळ दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत पोचली. लष्करी दारूगोळा खात्यात नोकरी करणारा भास्कर कर्णिक हा तरुण आतून स्फोटकं बाहेर काढत होता. २४ जानेवारी १९४३ रोजी पुणे कॅम्पातल्या कॅपिटॉल सिनेमात बॉम्ब फुटले, गोरे सैनिक मेले. धरपकड झाली, कर्णिकनं फरासखाना चौकीत विष घेतलं, साथीदारांची नावं सांगायची वेळ येऊ दिली नाही. शस्त्र कायद्यामुळे चापेकरांना पिस्तुलासाठी खटपट करावी लागली होती. ४६ वर्षांनी साम्राज्यानं स्वतःच स्फोटकांची किल्ली हिंदी नोकरदाराच्या हातात दिली होती. एवढं मोठं युद्ध परक्या माणसांच्या हातांनी लढणं आणि त्यांना निःशस्त्र ठेवणं या दोन गोष्टी एकत्र चालणार नव्हत्या. माझ्या मते साम्राज्य इथं सैल झालं ते याच गाठीत.

दरम्यान मराठा पलटणी इटलीत होत्या. रायगडच्या यशवंत घाडगेंना जुलै १९४४ मधल्या पराक्रमासाठी मरणोत्तर आणि नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ मधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या युद्धात हिंदी फौज २५ लाखांवर गेली.

युद्धानंतरचं थोडक्यात. फाळणीनं सिंधी निर्वासित पिंपरीच्या कॅम्पात आणले. आजची पिंपरीची बाजारपेठ त्यांची. पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर बनवण्याची विद्या युद्धातल्या जखमींसाठी विकसित झाली होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला आंबेडकरांच्या हस्ते रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसली. ज्यांच्या पुढाकारानं हे झालं त्या वस्तीत डेपोचा कामगार मोठ्या संख्येनं होता.

यावरून युद्धांनीच पिंपरी-चिंचवड घडवलं, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरायला हवा. १९६२ मध्ये एमआयडीसी आली ती मुंबईची गर्दी, पवनेचं पाणी, रेल्वे आणि हमरस्ता बघून. मोटारींचा उद्योग युद्धानं आणलेला नाही. युद्धांनी दिलं ते एवढंच: कारखान्याची सवय असलेले हात, सरकारी मालकीच्या जमिनी आणि परप्रांतीयांना सामावून घेतलेली वस्ती. तेही कमी नाही. आणि काळही कसा फिरतो: १९१४ मध्ये इथल्या जर्मनांना अहमदनगरच्या छावणीत डांबलं होतं. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज दोघांचेही कारखाने चाकणला सुरू झाले.

राहिला स्मरणाचा प्रश्न. चिंचवडला चापेकरांचं स्मारक आहे, राजगुरुनगरला राजगुरूंचा वाडा आहे. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी निगुतीनं राखल्या आहेत. बसऱ्याजवळच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा लिहिला. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं २०२१ मध्ये हा भेदभाव जाहीरपणे मान्य केला. त्याच वर्षी लाहोर संग्रहालयात पडून असलेल्या पंजाबच्या भरती-नोंदवह्यांतली लाखो नावं लोकांना बघायला खुली होऊ लागली. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चावडीजवळ किंवा देवळाच्या भिंतीत एक पांढरी संगमरवरी पाटी असते: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून अमुक माणसं गेली, तमुक मेली. नावं त्यावरही नाहीत. जीर्णोद्धाराच्या नव्या फरशीखाली आणि रस्तारुंदीत या पाट्या नाहीशा होत आहेत. खेड, मावळ, हवेली, शिरूर आणि मुळशीतल्या वाचकांनी आपल्या गावची पाटी शोधावी, तिचा फोटो आणि आकडा ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवावा, आणि घरात पणजोबांचं डिस्चार्ज बुक किंवा पदक असेल तर ते मोडीत घालण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला दाखवावं.